पद कोणाचे?

जुन्या मराठी कवितेत कवीचे नाव कवितेच्या आतच ओवलेले असे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संत आपली नाममुद्रा ठेवी, आणि लावणीच्या अखेरच्या कडव्यात शाहीर आपले व पुष्कळदा आपल्या गुरूचे व गावाचेही नाव गोवी. गाणारा कोणीही असो, तीर्थातला वारकरी असो की फडावरचा नाच्या, गाता गाता कर्त्याचे नाव उच्चारल्यावाचून त्याची सुटका नसे. उत्तर पेशवाईतील एका प्रसिद्ध जोडीने तर ही मुद्रा वाटून घेतली. होनाजी शिलारखाने कवने रची आणि त्याचा साथीदार बाळा करंजकर ती गाई. दोघांच्या नावांची मिळून 'होनाजी बाळा' अशी एकच मुद्रा झाली आणि पुढील पिढ्यांना हे दोन पुरुष नसून एकच असावा असे वाटू लागले. रचणारा आणि गाणारा यांनी कीर्तीची इतकी सरळ वाटणी केल्याचे दुसरे उदाहरण आपल्या वाङ्मयात सहसा सापडावयाचे नाही.

संगीत रंगभूमीचा जन्म झाला आणि ही सोय संपली. शाकुंतलेने दुष्यंताला उद्देशून पद म्हणावयाचे आणि त्याच्या शेवटी रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरीतील एका कारकुनाचे नाव घ्यावयाचे, हे कसे शोभावे? नाटकात पद पात्राचे असते. कवीने तेथे पडद्याआड राहावे हाच त्या कलेचा धर्म होय. पण पडद्याआड राहणारा मनुष्य हळूहळू विस्मृतीच्याही आड जातो, आणि मराठी नाट्यपदाच्या बाबतीत नेमके तेच घडले. ज्यांनी दुसऱ्याच्या नाटकासाठी शब्द रचले आणि तिसऱ्याच्या गळ्यासाठी चाली बांधल्या, अशा गुणी माणसांची एक मालिकाच या रंगभूमीच्या इतिहासात आहे. पदे आजही घरोघर गुणगुणली जातात. ही माणसे मात्र चरित्रकोशाच्या पानापुरती उरली आहेत.

आरंभी असा प्रश्न उद्भवलाच नव्हता. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर हे एकच गृहस्थ नाटककार, पदकार, चालींचे योजक आणि मंडळीचे चालकही होते. त्यांनी साकी, दिंडी, ओवी, लावणी यांच्या घरगुती चाली घेतल्या. कीर्तनातून घेतल्या, कानडी मुलखातून आणल्या, आणि त्यांवर मराठी शब्द बसविले. 'शाकुंतल' व 'सौभद्र' या नाटकांत पदांची संख्या शंभराच्या वर गेली होती. म्हणजे पात्रे बोलत कमी आणि गात अधिक. या पदांत तानबाजीला अवकाश थोडा. अर्थ श्रोत्यांच्या कानी स्पष्ट पडावा हा हेतू. गोविंद बल्लाळ देवलांनी हाच मार्ग चालविला. 'शारदे'तील (१८९९) पदे इतकी सोपी की ती मुखोद्गत करण्यास शाळकरी मुलासही सायास पडू नयेत.

फूट पडली ती चालींच्या बाजूने. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'वीरतनया'पासून (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीवरील नव्या, खटकेबाज चाली मराठीत आणल्या आणि प्रेक्षकांना नावीन्याची चटक लागली. नावीन्य हवे म्हटले म्हणजे चाली शोधणारा निराळा मनुष्य हवा. प्रत्येक नाटककाराच्या अंगी गाणे कोठून असणार?

येथे त्या काळच्या पदरचनेची रीत थोडी तपशिलाने सांगणे अवश्य आहे. कारण आज पुष्कळांची समजूत अशी की कवी आधी कविता लिहितो आणि मग संगीतकार तिला चाल लावतो. नाट्यपदाच्या बाबतीत बहुधा उलट क्रम असे. आधी एखादी हिंदुस्थानी चीज, ठुमरी, गझल किंवा अन्य भाषेतील गाणे पसंत करावयाचे, ते गळ्यावर किंवा बाजाच्या पेटीवर पुन्हापुन्हा वाजवून ऐकवावयाचे, आणि मग कवीने त्या चालीच्या साच्यात मराठी शब्द ओतावयाचे. छापील नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून त्या मूळ गाण्याचे पहिले शब्द देण्याचा प्रघात होता. आपण कोणाचे ऋणी आहो हे पुस्तक उघड सांगे, ही गोष्ट त्या पिढीच्या सचोटीची निदर्शक होय. मात्र ते मूळ गाणे ज्याने बांधले त्याचे नाव तेथेही नसे.

हे काम दिसते तितके सोपे नाही. चीज ब्रज भाषेत असते. तिचे शब्द मऊ, मोकळ्या स्वरांचे, हवे तेथे ओढता येणारे आणि हवे तेथे मुडपता येणारे. मराठी शब्द तुलनेने ताठ. त्यास विभक्तीचे प्रत्यय जडलेले, मधेच जोडाक्षरे उभी. समेवर जोराचे अक्षर यावे, तानेच्या जागी 'आ'कार यावा, मुखडा धरून परत येताना शब्द अर्धवट तुटू नये, आणि एवढे सांभाळून पात्राच्या मनातला भावही प्रकट व्हावा. ह्या कसरतीत पदकारास पुष्कळदा संस्कृत समासांचा आश्रय घ्यावा लागे, कारण समास रबरासारखा ताणता येतो. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या पदांवर दुर्बोधतेचा जो आक्षेप वारंवार घेण्यात आला, त्याचे मूळ बरेचसे येथे आहे. टीकाकार ती पदे कागदावर वाचीत. ती कागदासाठी लिहिलेली नव्हती.

खाडिलकर हे 'केसरी'च्या परंपरेतले लेखक. 'कीचकवधा'सारखी तेजस्वी गद्य नाटके लिहिणारे. 'मानापमान' हे त्यांचे पहिले संगीत नाटक. त्याच्या चाली गोविंदराव टेंबे यांनी दिल्या. टेंबे कोल्हापूरचे; हार्मोनियमवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते, आणि उत्तरेकडील पूरब ढंगाच्या ठुमरी-दादऱ्याने त्यांचा कान भरलेला होता. १२ मार्च १९११ रोजी मुंबईस किर्लोस्कर मंडळीने 'मानापमान' रंगभूमीवर आणले, आणि त्या रात्रीपासून मराठी नाट्यसंगीताची दिशा बदलली. पदांची संख्या 'सौभद्रा'च्या मानाने सुमारे निम्म्यावर आली. परंतु एकेक पद आता स्वतंत्र मैफलीची वस्तू झाले. नाटक खाडिलकरांचे, भामिनी बालगंधर्वांची. आणि मधले जे सूत्र दोघांना जोडीत होते ते टेंब्यांचे. पुढे टेंबे १९१३ साली गंधर्व नाटक मंडळीत भागीदार झाले, दोन वर्षांत तेथून निघून त्यांनी स्वतःची शिवराज मंडळी काढली, बोलपटांचा जमाना आला तेव्हा प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ला (१९३२) त्यांनी संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. स्वतःविषयी लिहिण्याचीही हातोटी त्यांना होती, म्हणून त्यांचे नाव तरी राहिले. सर्वांना ती नसते.

भास्करबुवा बखल्यांची कथा याहून हृद्य आहे. बडोद्याजवळच्या कठोर गावी १८६९ साली जन्मलेला हा मुलगा गोड गळ्यामुळे किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला आणि 'रामराज्यवियोगा'त कैकेयीचे काम करून नावाजला गेला. पुढे वयानुसार आवाज फुटला आणि ज्या गुणासाठी त्यास ठेवले होते तोच नाहीसा झाला. तो रंगभूमी सोडून गाणे शिकावयास निघाला. फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ अशा थोर उस्तादांची सेवा करून, तीन घराण्यांची विद्या कंठात साठवून, तो भारतभर मान्यता पावलेला गवई झाला. आणि १० डिसेंबर १९१६ रोजी गंधर्व मंडळीने खाडिलकरांचे 'स्वयंवर' केले तेव्हा त्याच्या चाली त्याच भास्करबुवांच्या होत्या. बालगंधर्व त्यांचे शिष्य. ज्या मुलाचा आवाज रंगभूमीने गमावला होता, त्याची विद्या आता दुसऱ्याच्या कंठातून त्याच रंगभूमीवर परत आली. ज्या मध्यम स्थितीतील कुटुंबांना उस्तादांच्या बैठकीत कधी पाऊल टाकावयास मिळाले नसते, त्यांनी यमन आणि भीमपलास प्रथम ऐकले ते रुक्मिणीच्या तोंडून. चाल सांगून बुवांचे काम संपत नसे. तालमीत बसून पदाचा प्रत्येक स्वर नटाच्या गळ्यात मुरवून घेणे, कोठे थांबावे आणि कोठे फिरत करावी हे शिकविणे, हेही त्यातच येई. प्रेक्षागृहात टाळी पडे ती मात्र सर्वस्वी रुक्मिणीला.

परंतु या साऱ्या प्रकारातील सर्वांत विलक्षण प्रकरण 'एकच प्याला' हे होय.

राम गणेश गडकरी क्षयाने खंगून २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे मरण पावले. मद्यपानाने एका घराची कशी राखरांगोळी होते हे दाखविणारे त्यांचे हे नाटक त्यांच्या मरणानंतर महिन्याच्या आतच गंधर्व मंडळीने बडोद्यास रंगभूमीवर आणले. गणपतराव बोडस सुधाकर झाले, बालगंधर्व सिंधू. आता जेथे बालगंधर्व तेथे पदे हवीतच. आणि गडकरी स्वतः मोठे कवी असूनही या नाटकाची पदे त्यांची नव्हेत. ती रचली विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी.

गुर्जर हे 'मनोरंजन' मासिकाच्या वाचकांचे आवडते कथालेखक. प्रभातकुमार मुखोपाध्यायांच्या बंगाली कथांची गोडी त्यांनी मराठीस लावली आणि घरगुती, प्रसन्न, किंचित विनोदी अशा शेकडो गोष्टी लिहिल्या. अशा लेखकाच्या वाट्यास हे काम आले. गडकऱ्यांची वाणी म्हणजे कल्पनेचा धबधबा. तिच्या मधोमध आपली ओंजळभर पदे अशी बसवावयाची की प्रेक्षकास सांधा दिसू नये. प्रसंग दुसऱ्याचा, पात्र दुसऱ्याचे, चाल तिसऱ्याची आणि गळा चौथ्याचा. पदकाराचे स्वतःचे असे त्यात काय उरले? उरला तो एक संयम. गुर्जरांनी गडकऱ्यांशी स्पर्धा केली नाही. त्यांनी सिंधूला साधे शब्द दिले. पतीच्या पायांशी निष्ठा, तान्ह्या बाळाचे कौतुक, दारिद्र्यातही न सोडलेली मर्यादा, एवढेच विषय; आणि तेवढ्याच्या बळावर पदे शंभर वर्षे टिकली. गडकऱ्यांच्या नाटकातील लांबलचक भाषणे आज प्रयोगात निर्दयपणे छाटली जातात. पदांना कात्री लावण्याचे धैर्य सहसा कोणी करीत नाही.

आणि चाली? त्या बहुतांशी दिल्या सुंदराबाई जाधव यांनी. सुंदराबाई पुण्याच्या, बैठकीत गाणाऱ्या. लावणी, ठुमरी, गझल, भजन ह्या प्रकारांत त्यांचा हातखंडा. 'स्वयंवरा'तली रुक्मिणी राजकन्या होती; तिला ख्यालाचे ऐश्वर्य शोभून दिसले. सिंधू ही दळणकांडण करून मुलाच्या तोंडी घास घालणारी बाई. तिच्या तोंडी भारदस्त ख्याल घातला असता तर तो अंगावर परक्याचा शालू घातल्यासारखा दिसला असता. सुंदराबाईंनी हलक्या, आर्जवी, काळजाला हात घालणाऱ्या चाली निवडल्या, आणि बालगंधर्वांनी त्यांत आपल्या गळ्याची जादू मिसळली. हा मेळ कोणाही पंडितास सुचण्याजोगा नव्हता. त्यासाठी शब्दागणिक भाव पालटणारी ठुमरी आयुष्यभर गाइलेली व्यक्तीच हवी होती.

आता क्षणभर त्या रात्रीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. रंगभूमीवर पतिव्रतेचा आदर्श म्हणून जी स्त्री उभी आहे ती पुरुष आहे. तिचे बोलणे एका दिवंगत पुरुषाने लिहिले आहे आणि तिची पदे एका हयात पुरुषाने. या सबंध उभारणीत एकच खरी स्त्री आहे, आणि ती रंगभूमीवर नाही. त्या मंडळीत तेव्हा स्त्रिया काम करीत नसत. शिवाय बैठकीत गाणाऱ्या बाईला सभ्य गृहस्थाच्या माजघरात प्रवेश नव्हता. तिने बांधलेल्या चाली मात्र बिनदिक्कत माजघरात शिरल्या. ज्या गृहिणी सिंधूचे पद गुणगुणत पोळ्या लाटीत, त्यांतील कितींना ठाऊक होते की हा सोज्ज्वळ सूर कोणत्या बैठकीतून आपल्या घरी आला आहे? कोणी सांगितले असते तर कदाचित कानांवर हात ठेवले असते. समाजाला गाणे हवे होते. गाण्याचा उगम नको होता.

सुंदराबाईंचे आयुष्य या एका नाटकापाशी थांबले नाही हे चांगले झाले. वीस वर्षांनी, १९३९ साली, प्रभातच्या 'माणूस' चित्रपटात नायकाच्या वृद्ध, भाविक आईची भूमिका त्यांनी केली. त्या चित्राचे संगीत भास्करबुवांचे शिष्य मास्टर कृष्णराव यांचे होते आणि गाणी अनंत काणेकरांची.

बालगंधर्वांची कीर्ती अवाजवी होती असे येथे मुळीच सुचवावयाचे नाही. चाल ही कागदावरच्या नकाशासारखी असते. तिचे घर गळ्यात उभे राहते, आणि तसा गळा शतकात एखादाच. त्यांनी चालीत स्वतःची भर घातली, ही गोष्टही सर्वमान्य आहे. प्रश्न वाटणीचा आहे. होनाजीच्या मुद्रेत बाळा होता. सिंधूच्या पदात गुर्जर व सुंदराबाई कोठे आहेत?

ग्रामोफोनने ही वाटणी अधिकच विषम केली. हिंदुस्थानात १९०२ साली पहिल्या तबकड्या निघाल्या, त्या वेळी गाणे संपताच गायक किंवा गायिका स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारी. गोहरजानची ती ललकारी जुन्या तबकड्यांवर आजही ऐकू येते. परदेशी कारखान्यात तबकडी तयार करणाऱ्यांस ती कोणाची हे कळावे म्हणून ही युक्ती होती, असे सांगतात. गंमत अशी की गाण्याच्या शेवटी नाव घेण्याची जी चाल संतांनी आणि शाहिरांनी कर्त्यासाठी घातली होती, ती यंत्राने गाणाऱ्याच्या हाती दिली. तीन मिनिटांत पद आटोपावयाचे, आणि चकतीवर ठळक अक्षरांत गायकाचे नाव. 'बालगंधर्वांचे पद', 'दीनानाथांचे पद' हे प्रयोग तेथूनच आपल्या बोलण्यात रूढ झाले. १९३१ साली सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध असताना त्यांचे 'संन्यस्त खड्ग' बलवंत मंडळीने केले. त्यातील पदे त्यांचीच आणि चाली वझेबुवांच्या. तेथे कवीचे नाव लोक विसरले नाहीत, पण त्याचे कारण काव्याहून वेगळे होते. वझेबुवांचे नाव मात्र दीनानाथांच्या तेजात झाकले गेले.

बोलपटांनी एका पदकारावर फारच निराळा प्रसंग आणला. 'संत तुकाराम' (१९३६) या प्रभातच्या चित्रात विष्णुपंत पागनीसांनी गाइलेले, एका बीजातून कोट्यवधी वृक्ष होतात अशा दृष्टांताचे एक पद आहे. ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रासाठी मुद्दाम लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्यास चाल दिली. पदात तुकोबांची मुद्रा नाही. तरी महाराष्ट्राने ते तुकारामांचा अभंग म्हणून स्वीकारले. भजनी मंडळी ते म्हणू लागली, आणि जाणकार म्हणविणारेही फसले. दुसऱ्यासाठी लिहिणाऱ्या कवीला याहून मोठा सन्मान तो कोणता, आणि याहून मोठी हानी तरी कोणती? आठवल्यांची कला इतकी साधली की तिने आठवल्यांनाच पुसून टाकले.

कायद्याने या लोकांची दखल फार उशिरा घेतली. स्वतंत्र भारताचा लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. परंतु चित्रपटासाठी मोबदला देऊन करवून घेतलेल्या गाण्याचा पहिला धनी निर्माताच, कवी किंवा संगीतकार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चित्रपटाव्यतिरिक्त गाणे जेथे जेथे वापरले जाईल त्या उत्पन्नातील गीतकार व संगीतकार यांचा हिस्सा त्यांना स्वखुशीनेही निर्मात्याच्या स्वाधीन करता येऊ नये, असे ठरले. गडकऱ्यांच्या सिंधूने प्रथम गाइल्याला तेव्हा त्र्याण्णव वर्षे होऊन गेली होती.

नभोवाणीने मात्र कायद्याची वाट पाहिली नाही. गाणे वाजविण्यापूर्वी किंवा वाजविल्यानंतर गीतकार कोण, संगीतकार कोण आणि गायक कोण हे निवेदकाने सांगावयाचे, हा तिचा शिरस्ता पडला. या एका साध्या शिस्तीने ज्यांची नावे सामान्य श्रोत्यांच्या कानी प्रथमच पडली असे गीतकार थोडेथोडके नाहीत. १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून वर्षभर 'गीतरामायण' झाले, तेव्हा छप्पन गीतांना अनेक गायक-गायिकांचे गळे लाभले; परंतु लोकांनी ते काव्य ओळखले ते ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके या जोडीच्या नावाने. पन्नास-पाऊणशे वर्षांत कवीचे नाव पुन्हा एकदा पदाला येऊन चिकटले होते. फडक्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली. त्यांनी पुढे वर्षानुवर्षे गावोगाव ही गीते स्वतः बैठकीत बसून गाइली. चालीचा कर्ता आणि गळ्याचा धनी पुन्हा एक झाला.

गुर्जरांना तसे गाता येत नव्हते. त्यांच्या गोष्टींची पुस्तके ग्रंथालयांच्या जुन्या कपाटांत आहेत आणि ती मागणारा वाचक क्वचित येतो. नाट्यसंगीताच्या स्पर्धेत मात्र अद्याप दरसाल कोणीतरी तरुणी उठते, तंबोऱ्याला नमस्कार करते, आणि आपण बालगंधर्वांचे पद म्हणत आहो असे सांगून सिंधूचे पद सुरू करते.